न चाखलेलं तिखलं

तुम्ही हसाल, पण मी मासे सोडल्यापासून आमच्या घरात भलतंच सुरू झालंय. आजारपणानंतर यांना घास जाईना, तेव्हा मी वेळणेश्वराला जाऊन सांगून आले, "देवा, हे पुन्हा पोटभर जेवू देत, मी मासे कायमचे सोडते." देवानं ऐकलं. एका सकाळी हे आपणहून म्हणाले, "आज बांगड्याचं तिखलं कर गो."

केलं. पण आता चाखायचं कसं? तसंच वाढलं आणि जीव मुठीत धरून समोर बसले. यांनी न बोलता ताट स्वच्छ केलं.

"मीठ बरोबर होतं ना हो?"

"घातलंच नव्हतंस. नवस तू केलास, अळणी मी जेवलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू अशी तोंडाकडे बघत बसलेलीस, काय बोलणार?"

तेव्हापासून मासे शिजत आले की हे शेगडीपाशी येतात आणि तळहातावर थेंबभर घेऊन चाखतात. लग्नापासून पाण्याचा तांब्याही हातात मागणारा माणूस! मी देवाकडे यांची भूक मागितली होती, त्यानं यांना थेट स्वयंपाकघरात आणून उभं केलं.