हार्लनभाऊंचा एकतिसावा सीझन

…आणि वर म्हणतो काय, तोंड उघडायचं नाही! आता मला सांगा, माणसाला पहाटे साडेतीनला उठवायचं, सखीरच्या वाळवंटात नेऊन एका खडकाला टेकवून बसवायचं, अंगावर हिरव्या पानांचा झगा चढवायचा, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची… हे सगळं एक वेळ मी समजू शकतो हो, पण तोंड उघडायचं नाही? मला? जयप्रकाशला? अहो, दातांच्या डॉक्टरनं तोंडात दोन यंत्रं आणि कापसाचे बोळे घातलेले असतानासुद्धा मी त्याला चिलर प्लान्ट कसा चालतो ते समजावून दिलंय! बावीस वर्षं झाली बहारीनमध्ये, एसीचा इंजिनिअर आहे मी, मूळचा पुण्याचा… म्हणजे बोलण्याचं बाळकडू कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

तर हा हार्लन. जुफैरला आमच्याच मजल्यावर राहतो, समोरचं दार. अमेरिकन, तिकडे त्यांच्या नौदलाच्या बेसवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सहा फूट चार इंच, दाढी पोटापर्यंत, आणि दिवसभरात बोलणार किती? तर लिफ्टमध्ये 'मॉर्निंग'. संपलं! मी त्याला अकरा मजले उतरेपर्यंत हवामान, पार्किंग, आमच्या स्पृहाची दहावी सगळं सांगून टाकायचो आणि तो खाली उतरताना म्हणायचा, 'याह.' बास. मला वाटायचं, या माणसाला आत काही आहे की नाही?

मग एका संध्याकाळी, फेब्रुवारी संपत आलेला, त्याच्या घरातून आवाज. केंओक… केंओक, केंओक! मला वाटलं, कुणाचा गळा दाबताहेत. बायको, हेमा, म्हणाली, "जाऊ नका, परक्या माणसाच्या भानगडीत पडू नका." म्हणजे मी गेलोच! दार उघडलं तर हार्लन सोफ्यावर एकटा, तोंडात रबराचा एवढासा तुकडा टाळूला चिकटवलेला, आणि डोळे लाल. म्हटलं, काय झालं भाऊ? आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी तो माणूस बोलला! सलग वीस मिनिटं!

झालं होतं असं, की त्याची रजा रद्द झाली होती. दर वर्षी वसंतात, शिकारीच्या सीझनला, हा तिकडे घरी जातो, ट्रकमध्ये तंबू टाकतो आणि पाच राज्यं पालथी घालतो. कशासाठी? टर्कीसाठी! रानटी टर्की, तो कोंबडीच्या जातीतला मोठा पक्षी. नऊ वर्षांचा असताना आजोबांनी पहिल्यांदा रानात नेलं, टाळूला रबर लावून मादीचा आवाज काढायला शिकवलं, आणि अंधारातून नरानं उत्तर दिलं. तेव्हापासून तीस वर्षं, एकही वसंत असा गेला नाही की त्यानं साद घातली आणि नराचं उत्तर ऐकलं नाही. बंदुकीचं त्याला काही नाही हो, कित्येक वर्षं तो रिकाम्या हातानं परत येतो. उत्तर ऐकायचं, एवढंच. आजोबांनी मरताना त्याच्याकडून तेवढंच मागितलं होतं, की हे चुकवू नकोस. आणि हा एकतिसावा वसंत, आणि हा इथे, वाळूच्या बेटावर.

मी म्हटलं, एवढंच ना? आपण शोधू!

कुणी सांगितलं होतं मला? तोंड! तोंड सांगतं आणि अंगाला निस्तरावं लागतं.

मग सुरू झाली आमची भटकंती. गुरुवारी ऑफिस सुटलं की तंबू, दोन खुर्च्या, माझ्यासाठी हेमाचे मेथीचे ठेपले, की निघालो. पहिला शुक्रवार जिदहफ्सच्या पलीकडच्या खजुरांच्या बागेत. हार्लननं साद घातली, उत्तर आलं… बागवाल्याच्या कोंबड्याचं! पाठोपाठ बागवाल्याची म्हातारी आई आली, हातात खराटा. दुसरा शुक्रवार मआमीरकडच्या मोकळ्या जागेत. तिथे कारखान्याचा भोंगा एवढा मोठा झाला, की टर्की असता तरी त्यानं कान झाकले असते. तिसरा शुक्रवार सखीरला, चौथा सखीरला. आणि हा माणूस दर वेळी तीच पूजा केल्यासारखी तयारी करणार. बूट असे, टोपी अशी, पाठ खडकाला, गुडघे वर… आणि तोंड उघडायचं नाही!

कपडे तर विचारूच नका. त्याच्या मुलखातल्या जंगलात लपायचे कपडे ते, अंगभर हिरवी पानं शिवलेली. आता सखीरला पान आहे का हो एक तरी? नजर जाईल तिथवर वाळू आणि खडक, आणि त्यात ठळक दिसणारी दोनच झुडपं, एक सहा फूट चार इंच आणि एक पाच फूट पाच, ढेरीसकट! एक उंटवाला मुद्दाम वाट वाकडी करून आम्हाला बघायला आला होता.

स्पृहा म्हणाली, "बाबा, यू कान्ट बी क्वाएट फॉर टेन मिनिट्स!" मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर इंग्रजीतच. आणि तुम्हाला सांगतो, पोरीचं खरं होतं. पहिल्या शुक्रवारी मी साडेतीन मिनिटं टिकलो. दुसऱ्या वेळी नऊ. हार्लन रागावत नाही हो, नुसता मान वळवून बघतो. त्या बघण्यापेक्षा खराटा बरा.

पण चौथ्या शुक्रवारी काय झालं कुणास ठाऊक. गप्प बसता बसता मला ऐकू यायला लागलं. म्हणजे बावीस वर्षं मी या देशात राहतोय, आणि मला एसीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं! वाळू सरकते त्याचा आवाज असतो, माहितीये तुम्हाला? दव पडतं वाळवंटात, खडकावरून ठिबकतं, त्याचा असतो. लांब कुणी तंबू ठोकलेल्या कॅम्पातल्या जनरेटरचा घुर्र आवाज थांबला, की जी शांतता येते ना… आणि मग पूर्वेला आधी राखाडी, मग केशरी, आणि बघता बघता समोर सगळं उजळलेलं! मी चाळीस मिनिटं गप्प होतो. आपणहून! मला माझंच कौतुक वाटलं आणि ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं… पण तोंड उघडायचं नाही!

आणि पाचवा शुक्रवार.

तसंच उजाडत होतं. हार्लननं साद घातली, केंओक, केंओक. थांबला. पुन्हा घातली. मी मनात म्हणतोय, अहो भाऊ, या देशात टर्की फक्त सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये असतो, आणि तो उत्तर देत नाही… आणि तेवढ्यात लांबून, अगदी लांबून, वाळूच्या उंचवट्यापलीकडून आलं…

गळगळगळगळगळ!

 हार्लनकडे बघितलं तर तो दगड झालेला, आणि त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं. रडत होता हो तो! त्यानं पुन्हा साद घातली, पुन्हा उत्तर, आता जवळून. आणि मग त्या उंचवट्यावर आला तो. काय सांगू तुम्हाला! काळाकभिन्न, पण ऊन पडलं की तांब्यासारखा चमकणारा. शेपटीचा पंखा उलगडलेला, छाती पुढे, पंख वाळूवरून खर्र खर्र ओढत असा चालतोय की वाटावं हा सगळा मुलूख याच्याच नावावर आहे. आणि डोकं? आत्ता लाल, आत्ता निळं, आत्ता पांढरं! मी इंजिनिअर माणूस, असं कसं होतं ते मला विचारायचं होतं, पण तोंड उघडायचं नाही! वीस पावलांवर येऊन त्यानं एक गिरकी घेतली, आमच्या दोन झुडपांकडे बघितलं, आणि हार्लननं हळूच डोक्यावरची टोपी काढली. बस्स. नुसती टोपी काढली. बंदूक नाही, काही नाही.

मग तो वळला आणि डुलत डुलत गेला. कुठे? तर समोरच्या कॅम्पात, पाण्याच्या हिरव्या टाकीपाशी. टाकी बघितली आणि मी ओळखली, आमच्याच ऑफिसातून गेलेली, आमच्या लतीफची! लतीफ म्हणजे आमच्या ऑफिसातला खरेदीखात्याचा माणूस, इथलाच, बहारीनी. दर वर्षी थंडीपासून ऊन तापेपर्यंत त्याचं अख्खं खटलं सखीरला मुक्काम ठोकतं, शेळ्या-कोंबड्यांसकट. त्यातलाच हा.

हार्लन परतताना बोलला. म्हणाला, "जेपी, एक नियम आहे आमच्यात. पक्षी कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. भावाला नाही, बायकोला नाही, पाद्र्यालाही नाही. पुढचा शुक्रवार सीझनचा शेवटचा. मला त्याला अजून एकदा ऐकायचंय. प्रॉमिस?" मी म्हटलं, अरे प्रॉमिस म्हणजे काय! देवाशपथ!

शुक्रवार गेला, मी गप्प. शनिवार गेला, मी गप्प. हेमानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. आणि रविवारी सकाळी ऑफिसात लतीफनं समोर चहाचा कप ठेवला, आल्याचा नाही, वेलदोडा घातलेला, आणि म्हणाला, "क्या जेपी, वीकेंड कैसा?"

आता मला सांगा… टर्की त्याचाच! ज्याचा पक्षी त्याला पक्षी कुठे आहे हे सांगणं, याला सांगणं म्हणतात का? एवढाच विचार केला मी, आणि सुटलो! पहाट सांगितली, पंखा सांगितला, चालून दाखवलं, खरेदीखात्यात टेबलांच्या मधून, पंख ओढत! लतीफ म्हणाला, "तेरे दोस्त को इतना पसंद आया?" मी म्हटलं, "पसंद? अरे लतीफ, जान अटकी है उसकी! पाँच हफ्ते से उसी के पीछे है!"

लतीफ एकदम गंभीर झाला. छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास. फ्रायडे को दोनों मेरे कॅम्प में. लंच."

मला काय आनंद झाला! म्हटलं, वा, आता जवळून बघायला मिळणार, हार्लनचा फोटो काढू त्याच्याबरोबर! हार्लनला मात्र एवढंच सांगितलं, की एका मित्रानं जेवायला बोलावलंय.

शेवटचा शुक्रवार. पहाट, खडक, झगे. हार्लननं साद घातली. शांत. पुन्हा घातली. शांत. तासभर घालत राहिला बिचारा. मग हसून म्हणाला, "हुशार पक्षी आहे. आज गप्प राहायचं ठरवलंय त्यानं." आणि मी म्हटलं, "काळजी नको भाऊ, जेवायला चाललोय ना, तिथे भेटेल."

भेटला.

तंबूत गालिचे अंथरलेले, लतीफचे भाऊ, काका, सगळे उठून उभे राहिले आमच्यासाठी. आणि चौघांनी मिळून परात आणली. एवढी! त्यात केशरी भाताचा डोंगर, बेदाणे, बदाम, आणि डोंगरावर… मी शाकाहारी माणूस, मला आधी कळेचना ते काय आहे. लतीफनं हार्लनचा हात धरून त्याला मधोमध बसवलं आणि म्हणाला, "माय फ्रेंड, जेपी टोल्ड मी. युवर हार्ट इज इन धिस बर्ड."

 मी हळूच विचारलं, "लतीफ… तुमच्याकडे असे किती होते?" म्हणाला, "एक. माँ ने छोटे से पाला, चार साल." पडद्याच्या फटीतून त्याची आई बघत होती. डोळे सुजलेले, आणि तरी हसत होती हो ती, पाहुण्याला आवडतंय ना ते बघायला! "तो क्या हुआ?" लतीफ म्हणाला. "मेहमान ने दिल लगाया, हम कैसे रखे?" आणि माझ्यापुढे वेगळी ताटली सरकवली. "तुम्हारा बिना गोश्त. माँ ने अलग बनाया."

काय बोलणार? तुम्ही सांगा! रडायचं, की त्या माऊलीच्या पाया पडायचं? आमच्याकडे पाहुण्यानं एखादी वस्तू छान आहे म्हटलं, तर आम्ही ती कुठल्या दुकानात मिळते ते सांगतो! आणि ही माणसं… मला इतकं लहान वाटलं, आणि इतकं भरून आलं, की पहिल्यांदा तोंड उघडायचं होतं आणि उघडेना.

हार्लन माझ्याकडे बघत होता. तेच ते मान वळवून बघणं. मग त्यानं टोपी काढली, पडद्याकडे वळून छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि जेवायला बसला. दोनदा भात घेतला. काही म्हणजे काही टाकलं नाही. निघताना लतीफच्या आईनं आतून तो शेपटीचा पंखा पाठवला, धुऊन, मखमलीत गुंडाळून. हार्लननं दोन्ही हातांनी घेतला.

गाडीत अवाली गाव येईपर्यंत मी दम काढला. मी म्हटलं, "भाऊ, चुकलो. शिव्या दे, पण बोल."

तो म्हणाला, "ऐकलं मी त्याला. एकतिसावा झाला माझा. तेवढं तू मिळवून दिलंस." आणि पुढे म्हणाला, "पण जेपी, बंदुकीनं मारणारे बघितलेत मी, बाणानं मारणारे बघितलेत. एका कप चहानं टर्की पाडणारा तू पहिला." आणि ते मखमलीचं गाठोडं त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. "आमच्यात ज्याची शिकार, त्याच्या भिंतीवर."

तर तो आमच्या हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. परवा हेमाची भिशी होती. बायका विचारत होत्या, "अय्या, हे काय? कुणी मारला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमानं माझ्याकडे बोट केलं… आणि मी सगळ्यांसाठी सरबत करायला आत गेलो. चहाचं नावसुद्धा मी काढत नाही, तो आता आमच्याकडे हेमाच विचारते.