लेझरसाठी साफ केलेलं रान

भागाबाई : यंत्राला नीट दिसावं म्हणून तोडल्या गं फांद्या. पाव्हणं यायच्या आधी अंगण झाडतोत, तसं.

स्नेहल : किती ठिकाणी, आत्या?

भागाबाई : तू चुन्यानं खुणा केल्तीस की, नऊ. तिथल्या समद्या. मी अन् सिद्धव्वा, दोघीच. तूच म्हन्लीस, पानं आडवी आली की लेझरला मागचं दिसत न्हाई.

स्नेहल : अगं, पानंच तर मोजायची होती.

भागाबाई : मग तसं सांगावं की! आपल्या चिंताकी गावची पोरगी तू, तिपाईवर यंत्र मांडायलीस, मी काय कचऱ्यात मांडू देऊ? पर चार महिन्यांनी कामून इचारायलीस?

स्नेहल : अहवाल गेला. मागच्या सालापेक्षा पळसाची पानं निम्मी झाली, असं मी लिहिलं. त्यावरूनच वनखात्यानं पानं तोडायला बंदी घातली.

भागाबाई : त्याच्यावरून व्हय? गार्ड काशप्पा सिद्धव्वाला समद्यांसमोर म्हन्ला, तुमीच रान बोडकं केलंत. तिचं घर पत्रावळीवर चालतंय. तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाई.

(भागाबाई हातातली पत्रावळ बाजूला ठेवते.)

भागाबाई : उद्या जाऊन सांगते काशप्पाला. कोयता माझा व्हता.

स्नेहल : चूक तुझी न्हाई.

भागाबाई : मग कुणाची, यंत्राची?

स्नेहल : मी बघितलं होतं, आत्या. मोजायच्या दिवशीच. फांद्यांची टोकं ताजी होती, लाल चीक गळत होता. मी बोट लावून बघितलं.

भागाबाई : अन्?

स्नेहल : यंत्र दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. पुन्हा मोजायचं म्हणजे एक वर्ष थांबायचं. म्हणून मी ते कुठंच लिहिलं न्हाई.

भागाबाई : तुझ्या साहेबाला ठाव हाय?

स्नेहल : आज फोन करते. अहवाल मागं घ्या म्हणते. काम जाईल बहुतेक.

भागाबाई : माझं नाव सांग. म्हातारीला कळलं न्हाई म्हनावं.

स्नेहल : तुला कळलं न्हाई, हे खरंच हाय. मला कळलं होतं.

भागाबाई : मग फोन मागनं कर. आधी सिद्धव्वाकडं चल.

स्नेहल : तिला काय सांगू?

भागाबाई : आत्ता मला सांगितलीस, तेच. पर तिच्याकडं बघून सांग. मघापासून तू खालीच बघायलीस.