पायथ्याशी चढ

(संध्याकाळ. वस्तीच्या सभागृहामागची खोली. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर बर्फाच्या टेकडीचं आणि घसरगाड्यांचं चित्र.)

तुरिड : मोठी घसरगाडी उतारावरच का थांबली, ऐविंद?

ऐविंद : रस्त्याआधी थांबली ना? तेवढंच दाखवायचंय. नगरपालिका म्हणते, मुलं घसरत थेट रस्त्यावर येतील, टेकडी बंद करा. माझं गणित म्हणतं, येणार नाहीत.

तुरिड : अरे, पण ती ऐन तीव्र उतारावर थांबली. खाली ओढणारं वजन कुठे गेलं तिचं?

ऐविंद : तू कंपनीत प्रोग्रॅम लिहितेस, मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षण मला कळतं गं.

तुरिड : घर्षण बरोबर आहे. बघ, दोन्ही पुन्हा सोडते. तुझ्या लेकीची छोटी आधी, लाकडी मोठी मागून. छोटी खाली सपाटीला आली... थांबली. आणि मोठी?

ऐविंद : तीही थांबली. त्याच क्षणी.

तुरिड : प्रोग्रॅममध्ये सगळ्या घसरगाड्यांसाठी एक साचा लिहिलास, छान केलंस. जागा प्रत्येकीची वेगळी ठेवलीस. वेग मात्र साच्यातच ठेवलास. सगळ्या गाड्यांना मिळून एकच. एकीने शून्य केला की सगळ्यांचा शून्य.

ऐविंद : अरे देवा. आणि हे मी नगरपालिकेच्या इंजिनियरला पाठवलंय.

तुरिड : सरक. ही ओळ आत घेते. आता ज्या त्या गाडीचा वेग तिच्यापाशी. दर क्षणी उतार विचारायचा, वेग बदलायचा, मग पुढे सरकायचं. सोडू?

ऐविंद : सोड.

तुरिड : छोटी थांबली. मोठी निघाली... रस्ता ओलांडून समोर राहणाऱ्या बेरितच्या अंगणात.

ऐविंद : दोन मुलं बसलेली असतात तिच्यावर.

तुरिड : हं.

ऐविंद : लहानपणी आपण दोघं बसायचो तशी. तुरिड, हे आत्ता कुणाला कळणार नाही.

तुरिड : कळणार नाही.

ऐविंद : बोल ना पुढे.

तुरिड : मी कशाला बोलू? गाडी तुझ्यासमोर गेली रस्त्यापलीकडे.

ऐविंद : ...जमीन बदलता येते का यात?

तुरिड : जमीन तर तूच लिहिलीयस. आणि नीट लिहिलीयस.

ऐविंद : मग पायथ्याशी चढ दे. रस्त्याच्या अलीकडे, बर्फाचा. मोठा माणूस त्यामागे दिसू नये एवढा.

तुरिड : दिला. मुलांऐवजी दोन जाडे मामा बसवू गाडीवर?

ऐविंद : बसव. बर्फही गोठलेला, गुळगुळीत कर.

तुरिड : चढली... मंदावली... मागे घसरली. थांबली.

ऐविंद : पुन्हा.

तुरिड : पुन्हा थांबली. हे मी छातीठोकपणे सांगेन.

ग्रू : (दारातून) काय चाललंय दोघांचं? नगरपालिकेचा इंजिनियर आलाय, त्याच्यासाठी केलेले वॉफल गार होताहेत, आणि वस्तीच्या संघाची अध्यक्ष म्हणून मी एकटीच हसत उभी आहे सभागृहात.

ऐविंद : ग्रू, मी पाठवलेलं गणित चुकलं होतं. गाडी रस्त्यावर जाते.

ग्रू : म्हणजे टेकडी गेली.

ऐविंद : टेकडी नाही जात. पायथ्याशी बर्फाचा चढ घालायचा. शनिवारी दुग्नाद लाव, सगळ्या वस्तीने मिळून काम, घरटी एक माणूस आणि एक फावडं.

ग्रू : ते होईल. दुग्नादला या वस्तीत कोणी नाही म्हणत नाही. इंजिनियरला मात्र फक्त चढाचंच सांग. चूक कळली तर तो टेकडीच बंद करेल.

ऐविंद : आधी चूक दाखवणार, मग चढ. चूक बघितल्याशिवाय चढ कशाला हवा, हे त्याला कसं पटेल?

ग्रू : त्याचीही दोन मुलं इथेच घसरतात, ऐविंद.

ऐविंद : माहीत आहे मला.

ग्रू : मग चल. फावडं घेऊन यायला त्यालाही सांगते.