घट्ट झालेला शेक

तुला सांगते, वांद्र्याच्या कॅफेतला भोपळ्याचा शेक घरीच करते, अशी फुशारकी मारून मी ऑफिसातल्या नेहाला कांदिवलीला बोलावलं. लाल भोपळा उकडला, त्यात गूळ, दालचिनी, जायफळ घालून कुस्करला आणि खाली दूध आणायला गेले. तिथे गप्पांत अडकले.

परत येते तर सासूबाई काहीतरी तळतायत आणि नेहा आधीच येऊन मजेत खातेय.

"अहो आई, माझा भोपळा?"

"अगो, घारगे अर्धेच टाकून पळालीस. मी कणीक घालून मळलं."

"मला शेक करायचा होता."

"मग घारगा खा, वर दूध पी आणि दोन उड्या मार."

नेहाने खरंच मारल्या.