न आलेली गाडी

हॅलो?… हां आई, बोल… नाही गं, ऑफिसातच आहे… अजून 'उशिरा' दाखवतंय? मग उशिराच असेल. दादा त्या बसमध्ये नुसता बसलाय, चालवत नाहीये.

नको, फोनवरचं ते गाड्यांचं पान परत उघडू नकोस… अगं ऐक ना! ते पान आपलं आपणच आमच्या सर्व्हरला विचारत असतं, गाडी कुठे आली म्हणून. उत्तर आलं की तेवढी एकच ओळ बदलते, बाकी पान जागचं हलत नाही… हो, मीच बनवलंय. म्हणून तर सांगतेय.

केव्हापासून?… कपडे वाळत घातलेस, वाळले, घड्याही झाल्या, आणि तरी तेच?

थांब. मी इथून थेट डेटाबेसमध्येच बघते… आहेस ना?…

आई, गाडी आलीय… स्टँडवर, मघाशीच… चेष्टा कशाला करीन? वर ती गोल बाणाची खूण आहे ना, ती दाब… हो, आता मीच सांगतेय, दाब!… दिसलं ना, 'आली'?

कसं म्हणजे… मघाशी आमचा सर्व्हर जरासा बंद पडला होता. पानाने विचारलं, उत्तर आलंच नाही. आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं विचारायचं नाही, असं मीच लिहून ठेवलंय. बसलं मग तोंड मिटून… हो, चूक माझीच. पण तुम्ही दोघांनी तरी एवढी वर्षं दुसरं काय केलंत? दादा म्हणे आई आधी बोलू दे, तू म्हणे तो आधी बोलू दे.

रडू नकोस. चप्पल घाल… कपडे राहू देत गं! काय म्हणाला होता तो? आई घ्यायला आली तर घरी येईन, नाही तर मिळेल त्या गाडीने परत. आणि परतीची गाडी फलाट दोनला लागलीय… दुसऱ्या फोनवरून लावतेय ना त्याला, बंद आहे त्याचा.

निघालीस?… दवाखान्याच्या मागून जा, पुलावर गर्दी असेल… बोलू नकोस, धाप लागेल. नुसती चाल.

पोचलीस?… कुठली सुटली?… फलाट दोनची?… अगं, आजूबाजूला नीट बघ तरी.

कुठे?… बाकावर? नक्की तोच?… पिशवी मांडीवर घेऊन?

दे त्याला फोन… दादा? हो, मीच. गेला कसा नाहीस तू?… कुठला बोर्ड?… अरे देवा. तिथेही माझंच पान लावलंय… म्हणजे ज्या गाडीतून तू उतरलास, ती अजून यायचीच आहे असं लिहिलंय?… हं… खरंय, मग आईला तरी कुठून कळणार…

नाही, हसत नाहीये. थांब, बोर्ड आधी सुरळीत करते, लोक शिव्या घालतील मला… राहू दे? का?… कोण, आई म्हणतेय?… "ज्याची गाडीच आली नाही, तो परत कसा जाईल?" बरं सुचतं तिला.

बरं बाबा. तुम्ही दोघं फाटकाबाहेर पडा, मग बदलते… हो… हो, रविवारी येते मी.

दादा?… हॅलो?… चालूच ठेवलाय की फोन. केस केवढे वाढवलेस म्हणून ओरडतेय आई त्याला.

चला, ठेवते मीच.