जनाकाकी आत चुलीकडे होती

मंडळी, तुम्ही आलात, शाळेचा हॉल भरला. काकी हयात असताना तिच्या पडवीत एवढी माणसं कधी दिसली नाहीत. मी सुलभा, तिची शेजारीण. मला बोलणं जड जातंय. रडू येतं म्हणून, आणि पुढच्या रांगेत कोण बसलंय ते दिसतं म्हणूनही.

आपल्या लाटंबार्श्याच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लागलाय. त्यावर जनाकाकीचा फोटो एवढासा, आणि पुतण्याचा, या आपल्या प्रदीपचा, दुप्पट. गॉगल लावून. गेलंय कोण, तेच कळत नाही, प्रदीप.

काकीची नात सई. "ती पोर्तुगालात होस्टेलवर शिकते," असं तुम्हाला सांगितलंय. कसलं होस्टेल? काकीचा मुलगा बायको-मुलीला घेऊन तिकडे गेला. सून आजारात गेली, मुलगा दारूत बुडाला, पोर उपाशी राहू लागली. तेव्हा तिथल्या सरकारने तिला एका कुटुंबात सांभाळायला दिलं. परकी माणसं. पण दर रविवारी ती परकी बाई स्वतः फोन लावून सईला काकीशी बोलायला द्यायची. एक अक्षर कळत नव्हतं तिला, तरी फोन धरून बसायची. आपल्यातलं कोण बसलं हो काकीजवळ?

तिकडे रक्ताचं कोणी सांभाळायला तयार असेल, तर त्याचाही विचार करतात. काकी तयार होती. म्हणून मुलांचं बघणाऱ्या तिथल्या अधिकारी बाई व्हिडिओ कॉलवर घर बघणार होत्या. सोबत आपली भाषा जाणणारी दुभाषी.

काकीने काय केलं? गोधडी धुतली, चटई उन्हात घातली. सई लहानपणी इथे आली होती, तेव्हा तिच्याच कुशीत निजायची. "चेडू येकटा कशाक निजतला? माझ्याकडेच निजतला," काकी मला सांगत होती.

आणि या भावकीने काय केलं? यांना चटईची लाज वाटली. कोणाचा तरी सोफा उचलून आणला. खोली रंगवली, नवी खाट टाकली. आणि काकीला म्हणाले, "काकी, तू आत बस. तुका बोलूक जमाचा नाय. गप रव." ती चुलीकडे जाऊन बसली. नवं लुगडं नेसून. मी तिच्याजवळ होते.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. मूल कुठे झोपेल? प्रदीप म्हणाला, वेगळ्या खोलीत, एकटी. रात्री घाबरली तर? आमच्याकडे मुलं घाबरत नाहीत. वा, प्रदीप. मग त्या बाईंनी विचारलं, आजी कुठे आहे? "ती विश्रांती घेतेय. मी आहे ना." मी उठून दारापर्यंत गेले. यांनी हात आडवा केला.

त्या बाईंना सोफा बघायचा नव्हता, मंडळी. खाट बघायची नव्हती. त्यांना आजी बघायची होती. तेवढीच एक वस्तू यांनी लपवली.

पुढे दुभाषीचा फोन आला. घरात आजी दिसली नाही, मुलीला जवळ घेणारं कोण ते कळलं नाही, म्हणून मुलगी आहे तिथेच राहील. काकी माझ्याकडे बघत राहिली. "मी खंय गेललंय गे? आत चुलीकडेच होतंय."

मी प्रदीपला म्हटलं, पुन्हा कॉल लाव, काकीला समोर बसव. दुभाषी मदत करायला तयार होती. हा म्हणाला, "गावात शोभा नको." शोभा! नात परक्या घरात वाढली तरी चालेल, पण ते नाक्यावर कळता कामा नये. मला तुमची कीव येत नाही. किळस येते.

काकी त्याच गोधडीवर गेली.

काल रविवार. काकीच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला, मी उचलला. सईने विचारलं, "आजी खंय असा?" तोच प्रश्न. मी तिला खरं सांगितलं. विश्रांती घेतेय, असं नाही सांगितलं. पोर रडायला लागली. त्या परक्या बाईने तिला कुशीत घेतलं, ते मला पडद्यावर दिसलं.

आता उभे राहा सगळे. प्रदीप, तूही. त्या दिवशी तुम्ही काकीला गप राहायला सांगितलंत, आणि ती राहिली. आता तिच्यासाठी दोन मिनिटं तुम्ही राहा.