अडतीसचा भरवसा

मंदाकिनी : रक्तातला कॅन्सरचा मार्कर एकसष्ट. आणि मागच्या वेळी अडतीस. एवढं गणित मलाही येतं.

रंगनाथ : रिपोर्ट तुझ्या फोनवर कसा आला?

मंदाकिनी : या वेळी रक्त देताना फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला. कॅन्सर माझा, निदान आकडा तरी आधी मला कळावा.

रंगनाथ : मंदा, एका रिपोर्टवरून...

मंदाकिनी : आपलं ठरलं होतं. आकडा पस्तीसच्या आत यायला हवा; वाढला, तर केमो बंद. तुम्ही हो म्हणाला होतात. उद्याचा पाचवा डोस मी घेणार नाही. हॉस्पिटलला फोन करा.

रंगनाथ : आकडा वाढलेला नाही.

मंदाकिनी : तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंत ना?

रंगनाथ : मागच्या वेळी अडतीस नव्हता. चौऱ्याऐंशी होता. वाढला होता तो तेव्हा.

मंदाकिनी : अहो, कर्वेनगरला परतताना रिक्षात तुम्हीच सांगितलंत! मी अपेक्षाला फोन केला. पोरीने ऑफिसात पेढे वाटले.

रंगनाथ : डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर जाऊ नका, कल पाहायचा, आणखी एक डोस देऊन बघू. तू ऐकलं नसतंस.

मंदाकिनी : नसतंच ऐकलं. त्या अडतीसच्या भरवशावर मी चौथा डोस घेतला. चार दिवस बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून काढले. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात, तेव्हाही बोलला नाहीत.

रंगनाथ : आज बोलतोय.

मंदाकिनी : आज आकडा तुमच्या बाजूचा आहे.

रंगनाथ : औषध लागू पडतंय, मंदा.

मंदाकिनी : आणि हा चौऱ्याऐंशी तरी खरा कशावरून?

रंगनाथ : कागद आहे. विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये, सगळ्यात खाली.

मंदाकिनी : आणा. वाचून दाखवू नका. माझा चष्मा द्या.

(रंगनाथ कागद आणून देतो. ती तो दोनदा वाचते.)

मंदाकिनी : हेही खोटं निघालं असतं, तर सुटले असते. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही.

रंगनाथ : तुला नकोच असेल, तर अजूनही फोन करतो.

मंदाकिनी : कराल?

(रंगनाथ फोन उचलतो आणि परत खाली ठेवतो.)

मंदाकिनी : राहू द्या. किती वाजता पोचायचंय?

रंगनाथ : आठला.

मंदाकिनी : नर्सला उजवा हात सांगा. डाव्याची शीर आता सापडत नाही.